थोड्या हातांसाठी काटेकोर पद्धत

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेले १४ तालुके आणि त्यांत गावोगाव रुजलेला सहकार: साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, विकास सोसायट्या, बाजार समित्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हजारो सभासदांचा हिशोब ठेवणाऱ्या संस्था चालवण्याची या जिल्ह्याची सवय तेव्हापासूनची आहे. हे हिशोब आधी वहीत होते, मग कार्यालयातल्या संगणकात गेले आणि आता ब्राउझरमध्ये व मोबाइलवर येत आहेत. सभासदांची संख्या हजारांत राहिली, व्यवहार वाढले. सॉफ्टवेअर सांभाळणारे हात मात्र थोडेच आहेत. मोठ्या शहरातल्या कंपनीत एका प्रणालीमागे वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी माणसे असतात. तालुक्याच्या गावी बहुधा एकच जण कोड लिहितो, तोच सर्व्हर पाहतो आणि कारकुनाचा फोनही तोच उचलतो. या पुस्तकाचा विषय असलेले फीनिक्स हे वेब फ्रेमवर्क एलिक्सर या फंक्शनल भाषेवर उभे आहे. ते वेगवान आहे, आधुनिक आहे, हे सर्व खरे. पण या प्रस्तावनेत मला मांडायचा मुद्दा वेगळा आहे. फंक्शनल पद्धतीचा खरा लाभ सॉफ्टवेअर सांभाळण्याच्या कष्टात दिसतो, आणि म्हणून जिथे हात थोडे तिथे तिची गरज अधिक. बंगळुरूपेक्षा संगमनेरला, शेवगावला, कर्जतला अधिक.

वेब फ्रेमवर्क म्हणजे वेबवरची कोणतीही प्रणाली उभी करताना हमखास लागणाऱ्या गोष्टींची तयार बांधणी. आलेली विनंती कोडच्या कोणत्या भागाकडे पाठवायची, अर्जातली माहिती कशी तपासायची, डेटाबेसमधून काय काढायचे, पान कसे तयार करायचे, कोणाला आत येऊ द्यायचे, हे सगळे त्यात आधीच ठरवलेले असते. पीएचपीचे लारावेल, पायथनचे जँगो, रुबीचे रेल्स, जावाचे स्प्रिंग ही या कामाची प्रसिद्ध नावे. फीनिक्सही हेच काम करते. फरक आहे तो खालच्या भाषेत. फंक्शनल भाषेचा गाभा सांगायला नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या कांदा बाजारातली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, पुरेशी आहे. शेतकऱ्याच्या कांद्याचे वजन, लिलावात निघालेला भाव आणि हमाली, तोलाई, वाराई यांचे दर एवढी माहिती हातात आली की पट्टीची रक्कम ठरते. समजा, २२.४० क्विंटल माल आणि १,८५० रुपये भाव, तर ढोबळ रक्कम ४१,४४० रुपये. त्यातून ठरलेली वजावट केली की हातात पडणारी रक्कम. हा हिशोब कोणीही, कधीही, कितीही वेळा केला तरी उत्तर एकच यायला हवे. माहिती आत, उत्तर बाहेर, आणि मधल्या मध्ये कशालाही गुपचूप हात लावायचा नाही: याला शुद्ध फंक्शन म्हणतात, आणि शक्य तेवढा कोड अशा फंक्शनांत लिहायचा, हा फंक्शनल पद्धतीचा पहिला नियम.

हे इतके उघड असेल तर त्यात विशेष काय, असा प्रश्न येईल. विशेष हे की आपण रोज वापरतो ते बरेचसे सॉफ्टवेअर असे लिहिलेले नसते. हमालीचा दर कोडमध्ये कुठेतरी एका सर्वांना दिसणाऱ्या चलात ठेवलेला असतो. दुपारी कोणीतरी नवा दर भरतो आणि सकाळी दिलेली पट्टी संध्याकाळी पुन्हा छापली तर रक्कम बदललेली निघते. शेतकरी दोन कागद घेऊन उभा राहतो, आणि चूक शोधणाऱ्याला त्या चलाला हात लावणाऱ्या प्रत्येक ओळीचा माग काढावा लागतो. एलिक्सरमध्ये एकदा तयार झालेले मूल्य बदलता येत नाही. बदल हवा असेल तर नवे मूल्य तयार होते आणि जुने जसेच्या तसे राहते. पट्टी काढणाऱ्या फंक्शनला त्या दिवसाचे दर बाहेरून हातात द्यावे लागतात, त्यामुळे उत्तर कशावरून आले हे फंक्शनच्या पहिल्या ओळीतच दिसते. आडवाटा इथेही आहेत. डेटाबेस बदलतो, सर्वांना दिसणारी सामाईक कोष्टके एलिक्सरमध्येही करता येतात. पण त्या आडवाटा वापरायच्या तर मुद्दाम वापराव्या लागतात आणि त्या कोडमध्ये ठळक दिसतात. चूक कुठे असू शकते याची जागा आक्रसते, आणि एकट्या माणसासाठी हाच मोठा दिलासा आहे.

वेबचा स्वभाव मुळातच या पद्धतीला जवळचा आहे. ब्राउझरकडून एक विनंती येते, सर्व्हर एक उत्तर देतो, व्यवहार संपतो. क्लोजर ही रिच हिकी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली लिस्प घराण्यातली भाषा. तिच्यासाठी मार्क मॅक्ग्रॅनाहन यांनी २००९ मध्ये ‘रिंग’ लिहिले आणि ही गोष्ट नागवी करून दाखवली: विनंती म्हणजे माहितीचा एक तक्ता, उत्तर म्हणजे दुसरा तक्ता, आणि वेब-अ‍ॅप म्हणजे पहिल्यातून दुसरा काढणारे फंक्शन. फीनिक्समध्ये हीच कल्पना ‘प्लग’ नावाने येते. आलेल्या विनंतीची सगळी माहिती ‘कॉन’ या एका रचनेत भरलेली असते. एक प्लग ती घेतो, सत्राची माहिती जोडतो आणि नवी रचना पुढे देतो. दुसरा लॉगिन तपासतो. तिसरा बनावट अर्ज अडवतो. मग राउटर ती योग्य कंट्रोलरकडे नेतो आणि शेवटी पान तयार होते. कोणता टप्पा कोणत्या क्रमाने आहे हे एका फाइलमध्ये वरून खाली वाचता येते. डेटाबेसशी बोलणारे ‘एक्टो’ही याच वळणाचे आहे. अर्जातून आलेली माहिती थेट नोंदीत घुसत नाही. आधी ‘चेंजसेट’ तयार होतो, म्हणजे काय बदलायचे आहे आणि त्यात कोणत्या चुका आहेत याचा कागद. तो तपासूनच नोंद होते. संबंधित नोंदी तुम्ही मागितल्या नसतील तर एक्टो त्या परस्पर आणून देत नाही. सुरुवातीला हे अडचणीचे वाटते, पण पानामागे नकळत शेकडो क्वेऱ्या धावण्याचा नेहमीचा रोग यामुळे बराचसा टळतो.

या पद्धतीची दुसरी बाजू समजायला थोडे मागे जावे लागते. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग ही भाषा घडवायला घेतली. एक्स्चेंजला दोन अटी होत्या: हजारो कॉल एकाच वेळी चालले पाहिजेत, आणि एका कॉलमधल्या बिघाडाने दुसरा तुटता कामा नये. एरलँगने प्रत्येक कामाला स्वतंत्र ‘प्रोसेस’ दिली. ही ऑपरेटिंग सिस्टिमची जड प्रोसेस नव्हे. सुरुवातीला ती दोन-तीन किलोबाइट जागेत मावते, म्हणून साध्या सर्व्हरवरही लाखांनी चालवता येतात. प्रत्येकीची स्मृती वेगळी, एकमेकींशी बोलणे फक्त निरोप पाठवून. एखादी कोसळली तर तिच्यावर लक्ष ठेवणारी ‘सुपरवायझर’ प्रोसेस तिला नव्याने, स्वच्छ स्थितीत सुरू करते. ठरावीक वेळात ती पुन्हा पुन्हा पडली, तर सुपरवायझर आंधळेपणाने प्रयत्न करत बसत नाही. तो स्वतः थांबतो आणि बिघाड वरच्या पायरीवर कळवतो. एरलँग १९९८ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुली झाली. ब्राझीलच्या जोझे व्हॅलिम यांनी तिच्याच यंत्रणेवर एलिक्सर ही सुबक भाषा रचली; तिची १.० आवृत्ती २०१४ ची. ख्रिस मॅकॉर्ड यांच्या फीनिक्सची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१५ ची. म्हणजे फ्रेमवर्क तरुण आहे, पण त्याच्या पायाखालची यंत्रणा चार दशके बिघाडांशी झगडून तयार झालेली आहे.

या दोन बाजू एकत्र आल्या की काय होते, ते पुन्हा बाजाराच्या आवारात पाहू. लिलावाचे भाव पडद्यावर त्या क्षणी दिसावेत, आडत्याच्या गाळ्यावर, शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणि समितीच्या कार्यालयात एकच आकडा असावा, अशी अपेक्षा आहे. फीनिक्समधले ‘लाइव्ह व्ह्यू’ हे काम करते. प्रत्येक उघड्या पानामागे सर्व्हरवर एक छोटी प्रोसेस असते. भाव बदलला की बदललेला तेवढाच भाग त्या पानाकडे जातो. ब्राउझरसाठी वेगळी जावास्क्रिप्टची मोठी इमारत उभारावी लागत नाही, म्हणजे एकाच माणसाला एकच भाषा सांभाळून दोन्ही टोके पाहता येतात. एखाद्या गाळ्यावरून भावाच्या जागी अक्षरे आली आणि कोड ते झेलू शकला नाही, तर त्या एका पानाची प्रोसेस कोसळते आणि पुन्हा सुरू होते. बाकीचा लिलाव चालू राहतो. नोंद झाली ती राहते, अर्धवट राहिलेली लिहिलीच जात नाही. बिघाड झालाच नाही पाहिजे, या आग्रहापेक्षा बिघाड होणारच आणि तो आपल्या खोलीतच थांबला पाहिजे, हा विचार अधिक व्यवहारी आहे. वीज जाते, रेंज जाते, संगणक जुना असतो, अशा ठिकाणी तर निश्चितच.

थोड्या हातांचा हा दावा नुसत्या तर्कावर उभा नाही. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सअ‍ॅप घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचे ४५ कोटी मासिक वापरकर्ते होते आणि अभियंते होते ३२. त्यांचा सर्व्हर एरलँगमध्ये लिहिलेला होता. त्याआधी दोन वर्षे, २०१२ मध्ये, एका यंत्रावर २० लाखांहून अधिक जोडण्या धरून ठेवल्याचे त्यांनी जाहीर केले होते. फीनिक्सच्या चमूने २०१५ च्या अखेरीस ४० कोअर आणि १२८ जीबी स्मृतीच्या एका सर्व्हरवर २० लाख वेबसॉकेट जोडण्यांची चाचणी करून दाखवली. एरिक्सनच्या एका स्विचबाबत ९९.९९९९९९९ टक्के चालू राहिल्याचा आकडा नेहमी सांगितला जातो. त्याला या पुस्तकात पुरावा मानलेले नाही, कारण तो मर्यादित जागी, मर्यादित काळ घेतलेल्या मोजणीतून आला आहे. उरलेल्या आकड्यांतही सावध राहायला हवे. चाचणीतल्या जोडण्या गप्प असतात, खऱ्या माणसांच्या नसतात. व्हॉट्सअ‍ॅपचे यश एकट्या भाषेचे नाही. त्यांनी जाहिराती नाकारल्या, सुविधा कमी ठेवल्या, यंत्रणा बारकाईने घोटली. तरीही एक निष्कर्ष टिकतो: या पद्धतीवर उभ्या असलेल्या मोठ्या प्रणालीला माणसांची फौज लागली नाही.

हे सगळे परदेशातले, आपल्याकडे काय, असे विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातले आणि शेजारच्या गोव्यातले दाखले आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात रुस्तम मोदी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवत होते. मार्क जोन्स यांची गोफर ही हॅस्केल या फंक्शनल भाषेच्या वळणाची भाषा त्यांनी शिकवण्याच्या सोयीने बदलून घेतली आणि तिला ‘पुगोफर’, म्हणजे पुण्याची गोफर, हे नाव पडले. विद्यार्थ्याला पहिली भाषा म्हणून सी देण्याने विचाराचे नुकसान होते, असे त्यांनी १९९१ मध्ये ‘सिग्सी बुलेटिन’ या संगणक-शिक्षणाच्या नियतकालिकात लिहिले होते. त्यानंतर दोन दशकांनी त्याच पुण्यात बैशंपायन घोष आणि अबिनाश त्रिपाठी यांच्या हेल्पशिफ्टने मोबाइल अ‍ॅपमधल्या ग्राहकसेवेची प्रणाली क्लोजरमध्ये उभी केली. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ बनवणाऱ्या सुपरसेलसारख्या गेम कंपन्या तिच्या ग्राहक झाल्या, आणि २०२२ मध्ये कीवर्ड्स स्टुडिओजने ती कंपनी विकत घेतली. गोव्यातल्या व्हेकेशन लॅब्सने सहलींच्या आरक्षणाच्या प्रणालीसाठी हॅस्केल वापरली. तिथले सौरभ नंदा यांनी मागे चालणाऱ्या कामांची रांग सांभाळणारी ‘ऑड जॉब्स’ ही लायब्ररी सर्वांना खुली करून दिली. यांतली एकही प्रणाली फीनिक्सची नाही, हे खरे. पण विचार तोच आहे, आणि तो आपल्या हवेत रुजतो हे त्यांनी दाखवले आहे. रुजायचा राहिला आहे तो जिल्ह्याच्या पातळीवर.

पहिला आक्षेप याच पातळीवरून येतो. आमच्या पतसंस्थेला ४५ कोटी सभासद नाहीत. दिवसाला चारशे व्यवहार होतात, त्यांना टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रणा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो मी केलेल्या दाव्याला लागत नाही. जोडण्यांचा आकडा मी पुरावा म्हणून दिला तो माणसांच्या आकड्याशेजारी ठेवूनच. चारशे व्यवहारांच्या प्रणालीलाही बिघाड होतो, आणि तो शोधायला एकच माणूस असतो. शिवाय जिल्ह्यातले काम सम प्रमाणात येत नाही. गळीत हंगामात ऊसतोडीच्या नोंदी, आवक वाढली की कांद्याचे लिलाव, मार्चअखेरचे हिशोब, निकालाचा दिवस: वर्षभर रिकामे असलेले दार चार दिवस गर्दीने फुटते. शिर्डीसारख्या ठिकाणी रामनवमीला आणि गुरुपौर्णिमेला माणसांची जी गर्दी होते, तीच दर्शन-आरक्षणाच्या पानावरही होते. अशा चार दिवसांसाठी वर्षभर मोठे सर्व्हर भाड्याने घेणे परवडत नाही. एकाच मध्यम यंत्रावर हजारो जोडण्या शांतपणे धरणारी प्रणाली इथे चैन ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लारावेल किंवा जँगोमध्ये शिस्तीने लिहिले तर हेच साधता येत नाही का? साधते. चांगला प्रोग्रॅमर कोणत्याही भाषेत दर बाहेरून देईल, चल जपून वापरेल, चाचण्या लिहील. प्रश्न आहे तो शिस्त कोण पाळायला लावतो याचा. मोठ्या कंपनीत वरिष्ठ अभियंता कोड तपासतो, दुसरा चाचणी घेतो, तिसरा मंजुरी देतो. या माणसांच्या साखळीचे काम तालुक्याच्या गावी कोणी करत नाही. तिथे मागे उभे राहण्याचे काम काही अंशी भाषेवरच सोपवावे लागते. मूल्य बदलू न देणारी भाषा, तपासल्याशिवाय नोंद न होऊ देणारी पद्धत, पानात घातलेला मजकूर आपोआप निर्धोक करणारी साचेबांधणी, क्वेरीत बाहेरचा मजकूर थेट मिसळू न देणारे एक्टो: या गोष्टी गैरहजर वरिष्ठाचे थोडे काम करतात. खर्चाच्या बाबतीत मात्र पीएचपीची बाजू भक्कम आहे. वर्षाला थोड्या पैशांत मिळणाऱ्या सामायिक होस्टिंगवर पीएचपी चालते, फीनिक्सला निदान एक छोटा स्वतंत्र आभासी सर्व्हर लागतो. चार पानांची माहितीपर वेबसाइट करायची असेल तर हे पुस्तक बाजूला ठेवावे.

तिसरा आक्षेप नोकरीचा. हिंजवडीच्या जाहिरातींत जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट दिसते, एलिक्सर क्वचित. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आधी नोकरी हवी आहे, आणि त्यांना ती नको म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांना माझे सांगणे असे की जावा सोडू नका. हे जोडीला शिका. रिअ‍ॅक्टमध्ये पान म्हणजे स्थितीचे फंक्शन, ही कल्पना फंक्शनल परंपरेतूनच आली आहे. जावाने २०१४ मध्ये लॅम्ब्डा घेतले. न बदलणाऱ्या मूल्यांचा आग्रह आता सगळ्याच भाषांत आहे. एलिक्सर शिकलेला माणूस जावा अधिक नेटकी लिहितो. याच आक्षेपाचे दुसरे टोक संस्थेकडे आहे: लिहिणारा निघून गेला तर नवा कुठून आणायचा? याला इतिहासाचीही साक्ष आहे. खुद्द एरिक्सनच्या एका विभागाने १९९८ मध्ये नव्या उत्पादनांत एरलँग वापरण्यास मनाई केली होती. जगभर चालणाऱ्या भाषा घ्याव्यात, हे कारण होते. त्या वर्षी भाषा खुली झाली, तिचे काही कर्ते बाहेर पडले आणि पुढे जगाने ती उचलली. तरी त्या व्यवस्थापकांची काळजी चुकीची नव्हती. म्हणून संस्थेने एका माणसावर विसंबू नये, जवळच्या दोन-तीन संस्थांनी मिळून दोन माणसे ठेवावीत. सहकाराच्या जिल्ह्यात हा उपाय नवा नाही. आणि निघून गेलेल्याच्या मागे राहिलेला कोड वाचणे हीच खरी कसोटी मानली, तर जिथे प्रत्येक फंक्शनची आवक-जावक डोळ्यांसमोर असते तो कोड नवख्याला लवकर उमगतो.

हे सगळे अवघड आहे, गणितात हुशार मुलांचे आहे, हा समज चौथा. त्याला आपल्या शिक्षणाने खतपाणी घातले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात द्वितीय वर्षाला प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांचा विषय होता. त्यात जावावर तीन घटक होते, आणि लॉजिकल व फंक्शनल प्रोग्रॅमिंग मिळून एक, तोही शेवटचा. सत्र संपत आलेले असताना लिस्पचे कंस दाखवले जात, परीक्षेत एखादा प्रश्न येई, आणि विद्यार्थ्याच्या मनात ही भाषा म्हणजे संग्रहालयातली वस्तू एवढेच उरे. अलोंझो चर्च यांचे लॅम्ब्डा कॅल्क्युलस १९३० च्या दशकातले, जॉन मॅकार्थी यांची लिस्प १९५८ ची. वंशावळ गणिताची आहे हे कबूल. पण फीनिक्स वापरायला ती वंशावळ पाठ लागत नाही. y = f(x) समजलेल्या मुलाला पट्टीचे फंक्शन समजते. अवघड जाते ते आधी लागलेली सवय सोडणे: चल घ्यायचे आणि लूपमध्ये त्यात भर घालत राहायचे. म्हणून कोरी पाटी असलेला वाचक इथे मागे पडत नाही, उलट कधी कधी पुढे असतो.

आता मर्यादा. जड आकडेमोडीला एरलँगची यंत्रणा संथ आहे. गप्पांचे व्यासपीठ डिस्कॉर्डने २०१७ मध्ये एलिक्सरवर ५० लाख एककालिक वापरकर्ते सांभाळले, पण पुढे काही नाजूक भाग त्यांना रस्ट या भाषेत लिहावे लागले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकांचे अंदाज काढायचे असतील तर ते काम फीनिक्सच्या कोडमध्ये करू नये. हॅस्केलच्या ‘येसोड’ या वेब फ्रेमवर्कमध्ये चुकीचा दुवा दिला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही, तेवढा कडक पहारा एलिक्सरमध्ये नाही. २०२४ पासून तिच्यात प्रकार-तपासणी टप्प्याटप्प्याने येत आहे, पण ती अजून पोरसवदा आहे. लाइव्ह व्ह्यूला सतत जोडणी लागते. अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांत रेंज येत-जात असेल तर तिथे साधी पानेच बरी, आणि फीनिक्स ती तितक्याच सहज देते. सर्वांत मोठी मर्यादा या सगळ्यांपलीकडची आहे. वजन काट्यावरच चुकीचे घेतले, दर ठरावाविना बदलला, तर शुद्ध फंक्शन चुकीचे उत्तर शुद्धपणे देईल. हिवरे बाजारचे गाव दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. तिथे सूत्राइतकेच महत्त्वाचे आहे ते पाऊस खरा मोजणे आणि आलेले उत्तर गावाने मानणे. फ्रेमवर्क फक्त मधल्या हिशोबाची हमी घेते.

या पुस्तकाची रचना अशी आहे. सुरुवातीची प्रकरणे एलिक्सर भाषेची. ती घाईने ओलांडू नयेत, कारण फीनिक्समध्ये अडखळणारे बहुतेक जण भाषेत अडखळलेले असतात. मग प्लग, राउटर आणि कंट्रोलर; त्यानंतर एक्टो आणि चेंजसेट, जिथे पट्टीचे उदाहरण सविस्तर येते आणि रुपये-पैसे दशांश चिन्हाच्या तरंगत्या संख्येत का ठेवू नयेत हेही येते. लाइव्ह व्ह्यू आणि सुपरवायझर शेवटी. सर्व उदाहरणे एकाच बाजार समितीच्या कामातून घेतली आहेत, म्हणजे एका प्रकरणात लिहिलेला कोड पुढच्यात वाढत जातो.

वाचकाला शेवटी एवढेच सांगायचे आहे. हे पुस्तक वाचून संस्थेची चालू प्रणाली उद्या मोडीत काढू नका. तो उत्साह महागात पडतो. आपल्या तालुक्यातले एक छोटे, बंद पडले तरी कोणाचे नुकसान न होणारे काम निवडा: आवकेचा रोजचा तक्ता, टँकरच्या फेऱ्यांची नोंद, ग्रंथालयाची देवघेव. ते फीनिक्समध्ये एक हंगाम चालवा. किती वेळा रात्री उठून सर्व्हर पाहावा लागला, चूक शोधायला किती वेळ गेला, दुसऱ्या माणसाला कोड समजायला किती दिवस लागले, याची नोंद ठेवा, आणि जुन्या प्रणालीच्या नोंदीशेजारी ती मांडा. माझा दावा खोटा ठरला तर तेही उघडपणे सांगा. खरा ठरला तर शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाला ही पद्धत शिकवा.